वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन: नुसती गोळी बंद करून का भागत नाही

वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावरून अमेरिकेतल्या औषध कंपन्यांवर भरलेल्या खटल्यांच्या बातम्या गेली काही वर्षं थांबलेल्याच नाहीत. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्ड्यू फार्मा या कंपनीचा अब्जावधी डॉलरचा समझोता फेटाळला, कारण कंपनीची मालकी असलेल्या सॅक्लर कुटुंबाला त्यातून पुढच्या दाव्यांपासून अभय मिळणार होतं. अशा बातम्यांतून कोण किती पैसे भरणार ते कळतं. पण ज्याच्या घरात कुणाची तरी पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेली गोळी वर्ष उलटलं तरी सुटत नाहीये, त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याचा प्रश्न साधा असतो: हे सुटतं का, आणि सुटतं तर कसं?

सुटतं. पण बहुतेक लोक ज्या वाटेने जातात, म्हणजे मनाचा हिय्या करून एके दिवशी गोळ्या फेकून द्यायच्या आणि दातओठ खाऊन आठ दिवस काढायचे, ती वाट सगळ्यांत जास्त वेळा फसते आणि कधीकधी जिवावर बेतते. असं का होतं हे कळायचं तर आधी ही गोळी शरीरात काय करते ते बघावं लागेल.

## गोळी जाऊन बसते कुठे?

दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनबद्दल हा लेख नाही. विषय आहे ओपिऑइडचा, म्हणजे अफूपासून काढलेल्या किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या पण अफूसारखंच काम करणाऱ्या औषधांचा. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, ट्रमाडॉल, फेन्टानिल ही त्यांतली ओळखीची नावं.

मेंदू, मज्जारज्जू, आतडी अशा ठिकाणी पेशींवर या औषधांना बसायला जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात; आपण खुर्च्या म्हणू. मेंदूत अशा खुर्च्या आहेत हे १९७३ साली कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं. मग साहजिकच प्रश्न आला की अफूच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने आसनं का मांडून ठेवावीत? १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना उत्तर सापडलं. मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखा वागणारा पदार्थ तयार करतो, आणि खुर्च्या मुळात त्याच्यासाठी असतात. वेदना सोसायची सोय आपल्यात उपजतच असते. गोळी त्याच खुर्च्या येऊन बळकावते, कितीतरी जास्त संख्येने आणि कितीतरी जास्त वेळ.

खुर्ची कुठली, त्यावर परिणाम ठरतो. मज्जारज्जूतल्या खुर्चीवर औषध बसलं की दुखणं उतरतं. आतड्यात बसलं की पोट साफ होत नाही. मेंदूत सुखाची जाणीव चेतवणाऱ्या भागात परिणाम पोचला की छातीवरचं ओझं कुणी उचलल्यासारखं वाटतं, मग ते ओझं दुखण्याचं असो, काळजीचं असो की एकटेपणाचं. आणि मेंदूच्या देठाशी, जिथून श्वासाची लय चालते, तिथे बसलं की श्वास मंदावतो. ओपिऑइडने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या कारणाने. तो झोपतो, आणि झोपेत श्वास थांबतो.

## सवय लागणं वेगळं, व्यसन लागणं वेगळं

सगळा गोंधळ इथे होतो, त्यामुळे इथे थोडं थांबू.

हँडब्रेक अर्धा ओढलेली गाडी चालवायची तर ॲक्सिलरेटर नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतो. रोज ओपिऑइड घेणाऱ्याचा मेंदू नेमकं हेच करतो. औषध त्याला रोज मंद करतं, म्हणून तो स्वतःला जागं ठेवणारी यंत्रणा जोरात चालवायला लागतो. काही आठवड्यांनी पूर्वीच्या डोसने पूर्वीइतकं बरं वाटेनासं होतं, आणि डोस चुकला तर अंग बिघडतं. याला शरीराची सवय म्हणू. ती कुणालाही लागते. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मॉर्फिन घेणाऱ्या आजींनाही लागते, आणि त्या आजी व्यसनी नसतात.

व्यसनात या सवयीशिवाय आणखी काही असतं. तलफ असते. ठरवलं त्यापेक्षा जास्त घेतलं जातं. नुकसान डोळ्यांना दिसत असूनही हात गोळीकडे जातो. मनोविकारांचं निदान करताना जगभर वापरली जाणारी डीएसएम-५ ही नियमावली २०१३ मध्ये आली. तिच्यात या आजाराची ११ लक्षणं दिली आहेत आणि १२ महिन्यांत त्यांतली किमान दोन दिसली तर निदान होतं. त्यातच एक महत्त्वाची तळटीप आहे: औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घेतलं जात असेल, तर डोस वाढावा लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं ही दोन लक्षणं मोजायचीच नाहीत.

प्रत्यक्षात ही पायरी ओलांडताना फार आवाज होत नाही. महिन्याची पट्टी विसाव्या दिवशी संपते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन पहिल्यांचं नाव सांगायचं टाळलं जातं. कंबर आज दुखत नसते, पण सकाळी घरात वाजलेलं असतं, आणि दुपारी गोळी घेतली जाते. घरच्यांना सापडू नये म्हणून पट्टी कपाटात कपड्यांच्या घडीखाली जाते. माझ्या मते या सगळ्यांत लपवणं ही सगळ्यांत खरी खूण आहे, कारण त्या क्षणी त्या माणसाला स्वतःला कळलेलं असतं.

दुखण्यासाठी दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांपैकी किती जणांना व्यसन लागतं? अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये केलेल्या आढाव्यात हा आकडा ८ ते १२ टक्के निघाला. म्हणजे बहुतेकांना लागत नाही, आणि तरी दहातला एक हा आकडा लहान नाही.

पण कित्येक वर्षं डॉक्टरांना सांगितलं जात होतं की व्यसन जवळजवळ लागतच नाही. त्याची मुळं एका पत्रात आहेत. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये व्यसनाची फक्त चार उदाहरणं सापडली, एवढंच त्यात म्हटलं होतं. ते रुग्ण नर्सच्या हातून औषध घेणारे. घरी महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. १९९६ मध्ये पर्ड्यूने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली, त्यानंतर या पत्राचे दाखले धडाधड वाढले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कुणीतरी मोजदाद केली: ६०८ ठिकाणी हे पत्र वापरलं गेलं होतं आणि त्यांतल्या ७२ टक्के ठिकाणी व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा पुरावा म्हणून. ज्यांनी त्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली त्यांना पुढे 'तुमचीच चूक' असं ऐकवलं गेलं, हे वाचताना आजही राग येतो.

## गोळी एकदम थांबली की काय होतं

शेवटची गोळी घेऊन बारा तास झालेत असं समजा. आधी जांभया येतात, एकामागून एक, झोप मात्र नाही. नाक गळायला लागतं, डोळ्यांतून पाणी येतं. सर्दी होतेय असं वाटतं. मग अंगावर काटा उभा राहतो तो बसतच नाही. पांघरूण घेतलं की घामाने भिजायला होतं, काढलं की हुडहुडी भरते. पायांत अशी तगमग सुरू होते की ते एका जागी ठेवता येत नाहीत. रात्रभर गादीवर पाय झाडत राहायचं. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. आरशात बघितलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. घड्याळात बघावं तर मघापासून दहाच मिनिटं गेलेली असतात.

हँडब्रेक सुटला आणि पाय मात्र ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला, अशी ही अवस्था. म्हणून प्रत्येक लक्षण औषधाच्या परिणामाच्या बरोब्बर उलट असतं. गोळीने पोट बांधलं जात होतं, आता जुलाब. गोळीने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत होत्या, आता मोठ्या. कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्यांचा हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वाढतो आणि साधारण आठवड्याभरात ओसरतो. शरीरातलं पाणी फार कमी होऊ दिलं नाही तर एरवी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही. पण एक गोळी घेतली तर हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात थांबेल हे त्या माणसाला त्या पूर्ण आठवड्यात, प्रत्येक मिनिटाला माहीत असतं.

## आठ दिवस काढले. आता सुटलं ना?

घरच्यांना इथे हायसं वाटतं, आणि खरा धोका नेमका इथेच सुरू होतो.

शरीराची सवय काही दिवसांत, आठवड्यांत उतरते. तलफ उतरत नाही. ती महिनोन्महिने दबा धरून बसते, झोप अर्धवट राहते, कशातच मन लागत नाही. अशात एखाद्या वाईट संध्याकाळी हात पुन्हा गोळीकडे गेला, तर माणूस पूर्वी घेत होता तेवढ्याच घेतो. शरीर मात्र आता नवख्या माणसाचं झालेलं असतं. कालपर्यंत पचणारा डोस आज श्वास थांबवतो.

ब्रिटनमध्ये दाखल होऊन ओपिऑइड सोडवण्याचे उपचार घेतलेल्या १३७ जणांचा मागोवा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात डोस जास्त होऊन तिघे मरण पावले. तिघेही उपचार पूर्ण करून शरीराची सवय उतरलेल्यांपैकी, म्हणजे ज्यांना सगळ्यांनी यशस्वी मानलं असेल त्यांच्यातले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या अभ्यासातही हेच दिसलं: सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत १२९ पट होता.

मग मनोबल वाढवलं, समुपदेशन दिलं तर? स्वीडनमध्ये हे करून बघितलं. हेरॉइनचं व्यसन असलेले ४० जण घेतले. सगळ्यांना भरपूर समुपदेशन आणि गटचर्चा. २० जणांना त्यासोबत ब्युप्रेनॉर्फिन हे औषध वर्षभर रोज दिलं, उरलेल्या २० जणांना सहा दिवसांत ते कमी करत नेऊन पुढे औषध नसलेली गोळी दिली. वर्षअखेरीस पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता, आणि त्यांतले चार जण मरण पावले होते.

हेरॉइनवाल्यांचं वेगळं, साध्या गोळ्यांचं एवढं नसेल, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत २०११ मध्ये फक्त डॉक्टरी गोळ्यांच्या व्यसनावरचा ६५३ जणांचा अभ्यास आला. ब्युप्रेनॉर्फिन महिन्याभरात देऊन बंद केलं तेव्हा ६.६ टक्क्यांना यश आलं. ज्यांना आलं नाही त्यांना तेच औषध बारा आठवडे स्थिर डोसवर दिलं, तेव्हा ४९.२ टक्क्यांची गाडी रुळावर आली. आणि मग तेही कमी करत बंद केलं, तर आठ आठवड्यांत तो आकडा पुन्हा ८.६ टक्क्यांवर घसरला. जादा समुपदेशनाने या आकड्यांत फरक पडला नाही.

## मग उपचार म्हणजे काय?

औषधं तीन आहेत, आणि खुर्च्यांच्या भाषेत ती चटकन समजतात.

मेथाडोन खुर्चीवर पूर्ण बसतं, पण सावकाश येतं आणि सावकाश उठतं. त्यामुळे दिवसातून एका डोसवर माणूस चढ-उतार न होता स्थिर राहतो. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये २२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि या उपचाराची सुरुवात झाली. डोस जास्त झाला तर ते धोक्याचं आहे, हृदयाच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवावं लागतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी ते रोज देखरेखीखाली दिलं जातं.

ब्युप्रेनॉर्फिन खुर्चीला घट्ट चिकटतं, पण काम अर्धवटच करतं. रेग्युलेटर दोनच्या पुढे जातच नाही असा पंखा डोळ्यांसमोर आणा. डोस वाढवला तरी एका मर्यादेपुढे गुंगी वाढत नाही आणि श्वास मंदावण्यालाही बरीचशी आडकाठी बसते. शिवाय खुर्ची अडलेली असल्याने वरून दुसरी गोळी घेतली तरी तिला बसायला जागा नसते.

तिसरं नाल्ट्रेक्सोन. ते खुर्ची अडवतं आणि काहीच करत नाही. ते घ्यायच्या आधी सात ते दहा दिवस शरीर ओपिऑइडपासून पूर्ण मोकळं असावं लागतं, आणि पुष्कळ जण तिथवर पोचतच नाहीत. ज्यांना ओपिऑइडच्या जातीचं कुठलंच औषध नको असतं, त्यांच्यासाठी मात्र हा खरा पर्याय आहे.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन औषधं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहेत.

ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी कशी दिली जाते ते जवळून बघण्यासारखं आहे. डॉक्टर आधी थांबायला सांगतात. त्रास सुरू झालेला असावा लागतो: जांभया, घाम, बाहुल्या, नाडी, अंगावरचा काटा, अशी ११ लक्षणं तपासून गुण दिले जातात. घाईने गोळी दिली तर ती बसलेल्या ओपिऑइडला खुर्चीवरून ढकलून स्वतः बसते आणि काम मात्र निम्मंच करते, त्यामुळे त्रास एकदम उसळतो. गुण पुरेसे झाले की गोळी जिभेखाली ठेवायची. चघळायची नाही, गिळायची नाही, बोलायचं नाही. पाच-दहा मिनिटं तोंडात कडवट लाळ धरून गप्प बसायचं. मग हळूहळू जांभया थांबतात, पाय स्थिर होतात. विरघळल्यावर पाण्याचा मोठा घोट तोंडात हळुवार फिरवून गिळायचा आणि तासभर तरी दात घासायचे नाहीत. या गोळ्यांनी दात किडण्याच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये ही काळजी घ्यायला सांगितली आहे.

## हे तर एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं झालं

हा आक्षेप सगळेच घेतात, काही डॉक्टरही घेतात. त्यामुळे रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत औषध सोडतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

मधुमेहाला इन्सुलिन तसं व्यसनाला हे, असं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण इन्सुलिनची कुणाला तलफ येत नाही आणि ऐकणाऱ्याला फरक जाणवतो. त्यापेक्षा वर केलेली वाटणी आठवावी. या औषधांची शरीराला सवय असते, हे खरं आहे. ती एकदम बंद केली तर त्रास होतो, हेही खरं. पण व्यसनाची जी खूण, म्हणजे तलफ, लपवाछपवी, पट्टी संपत आल्याची धास्ती, त्यापायी बुडालेलं काम, ती योग्य डोसवर विरत जाते. दिवसातून पाच-सहा वेळा ज्याचं डोकं फक्त पुढच्या गोळीचा विचार करत होतं, तो सकाळी औषध घेतो आणि दिवसभर इतर गोष्टींचा विचार करू शकतो. योग्य डोसवर असलेला माणूस झिंगलेला नसतो. तो काम करतो, मुलांचा अभ्यास घेतो, भांडतो, हसतो.

मरणाचा आकडाही बघावा. जगभरच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये आढावा घेतला गेला. मेथाडोन चालू असताना वर्षाला दर हजारी सुमारे ११ मृत्यू होते. सोडलेल्यांत सुमारे ३६. ब्युप्रेनॉर्फिनचे आकडे सुमारे ४ आणि ९.५. औषध सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे त्यांत जास्त धोक्याचे निघाले.

याचा अर्थ ही औषधं निर्धोक आहेत असा नाही. बद्धकोष्ठ, घाम, सुस्ती हे त्रास असतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत ती घेतली तर जीव जाऊ शकतो. पण ज्याच्याशी तुलना करायची ती गोष्ट औषध न घेतलेलं निरोगी आयुष्य नसते, चालू असलेलं व्यसन असते.

## किती दिवस घ्यायचं?

ठरावीक मुदत नाही. काहींना वर्ष पुरतं, काहींना अनेक वर्षं लागतात, काही आयुष्यभर घेतात. 'लवकर बंद' हे उद्दिष्ट धरून सुरुवात केली की काय होतं ते वरच्या आकड्यांत दिसलंच. झोप, काम, घर यांची घडी बसली, तलफ बराच काळ आली नाही, आणि रुग्णाला स्वतःला कमी करावंसं वाटलं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अगदी सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने कमी करायचं. मध्ये त्रास झाला तर एक पायरी मागे यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या ६५३ जणांपैकी अनेकांना साडेतीन वर्षांनी पुन्हा गाठलं. साधारण ३२ टक्के कुठल्याही औषधाविना ओपिऑइडपासून दूर होते, आणि साधारण २९ टक्के औषधावर राहून व्यसनाच्या लक्षणांपासून मुक्त होते. म्हणजे दहातले सहा बरे. आठ आठवड्यांचा तो निराशाजनक आकडा बघून कुणी आशा सोडली असती तर हे दिसलंच नसतं.

## औषधच सगळं करणार का?

नाही. औषध जमीन स्थिर करतं. तिच्यावर चालायचं काम उरतंच. गोळी कशासाठी घेतली जात होती, दुखण्यासाठी, झोपेसाठी की न बोललेल्या कशासाठी तरी, हे शोधायला समुपदेशनाचा उपयोग होतो. नैराश्य असेल तर त्याचे उपचार वेगळे हवेत. व्यसनातून गेलेल्यांच्या गटात बसून अनेकांना पहिल्यांदा मोकळं बोलता येतं. पण काही गट औषध घेणाऱ्याला 'तू अजून सुटलेला नाहीस' असं म्हणतात. असं ऐकू आलं तर गट बदलावा, औषध सोडू नये.

## पण मला खरंच दुखतं, त्याचं काय?

दुखणं खरं असतं, आणि ते नाकारणारा उपचार टिकत नाही. दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात. दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्याने काही जणांची मज्जासंस्था वेदनेला जास्त संवेदनशील होते. डोस वाढतो आणि दुखणंही वाढतं. दुसरं, पाठ, गुडघा आणि खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओपिऑइड गोळ्या इतर औषधांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. व्यायाम, फिजिओथेरपी आणि इतर जातीची औषधं यांना वेळ लागतो, पण ती कमअस्सल नाहीत. व्यसन आणि दुखणं दोन्ही असेल तर ब्युप्रेनॉर्फिन स्वतःही वेदनाशामक आहे. तोच डोस दिवसातून दोन-तीनदा विभागून दिला की दुखण्यालाही आराम पडतो.

ज्यांना व्यसन नाही, पण वर्षानुवर्षं गोळी चालू आहे, त्यांची गोळी घाबरून एकाएकी तोडणं हाही अन्यायच. अमेरिकेत डॉक्टरांना ओपिऑइड जपून लिहून द्यायला सांगणाऱ्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर असं पुष्कळ घडलं. लोक वेदनेने तळमळले, काहींनी आत्महत्या केल्या, आणि २०१९ मध्ये तिथल्या नियामकांना गोळी अचानक बंद करू नका असा इशारा द्यावा लागला. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांचा डोस महिन्याला साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही हळू कमी करावा असं आता सांगितलं जातं.

## घरच्यांनी काय करावं?

गोळ्या परस्पर फेकून देऊ नका. का, ते वर आलंच आहे. त्याऐवजी व्यसनावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जा आणि पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देता का. 'आम्ही फक्त शरीर स्वच्छ करतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.

नालोक्सोन हे नाव लक्षात ठेवा. ते ओपिऑइडला खुर्चीवरून हुसकावतं आणि काही मिनिटांत श्वास परत आणतं. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा तिथे चिठ्ठीविना मिळतो. ते मिळण्याची सोय असेल तिथे घरात ठेवावं. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही माणूस उठत नाही, ओठ निळसर पडलेत, श्वास अगदी मंद आहे किंवा घशातून घरघर येतेय, तर रुग्णवाहिका बोलवा, नालोक्सोन द्या, श्वास नसेल तर तोंडाने द्या, आणि श्वास चालू झाला की कुशीवर झोपवा. नालोक्सोनचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, गोळीचा त्याहून जास्त टिकू शकतो. त्यामुळे शुद्धीवर आलेल्या माणसाला 'बरं वाटतंय' म्हणाला तरी एकटं सोडू नका.

गोळी पुन्हा घेतली गेली तर चार-पाच वर्षांचं सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. त्या दिवशी विचारायचे प्रश्न दोनच: किती घेतलीस, आणि उपचाराचं औषध चालू आहे का. बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवसावर ढकलता येतं.

## आणि पुढे कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर?

बरं झालेल्या माणसाला ही भीती सगळ्यांत जास्त असते: पुन्हा चिरफाड, पुन्हा तीच गोळी. अनेक जण यापायी आवश्यक ऑपरेशन पुढे ढकलत राहतात, किंवा भूलतज्ज्ञाला जुना इतिहास सांगतच नाहीत. सांगावा. पूर्वी ऑपरेशनआधी ब्युप्रेनॉर्फिन बंद करायची पद्धत होती. आता बहुतेक ठिकाणी ते चालूच ठेवतात आणि त्यावर भागाला बधिर करणारी इंजेक्शनं, पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी औषधं जोडतात. नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर मात्र तारीख ठरतानाच सांगायला हवं, कारण ते आधी काही दिवस, इंजेक्शन असेल तर काही आठवडे, थांबवावं लागतं. नंतर ओपिऑइड गोळी लागलीच, तर ती किती दिवसांची हे घरी जायच्या आधी कागदावर लिहून घ्यायचं, पट्टी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायची, आणि उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेतात का ते त्याच दिवशी विचारून ठेवायचं.